‘य’च्या कळीवर बाण

महोदय,

आपल्या पुरवणीत तीन हजार रुपयांच्या आतल्या बिनतारी मेकॅनिकल (प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेल्या) कीबोर्डांवरचा लेख वाचला. त्यात ६१ कळांच्या कीबोर्डाला पहिला क्रमांक दिला आहे, कारण टेबलावरची जागा वाचते. जागा वाचते हे खरं, पण त्यावर कोणी मराठी टाइप करून पाहिलेलं दिसत नाही.

मी आधी कोर्टाबाहेर मशिनवर अर्ज नि प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे, आता घरी पुस्तकांचं डीटीपी करते. बोटं इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कळमांडणीवर, बसलेली. त्यात ‘य’ येतो तिरक्या रेघेच्या कळीवर, उजव्या शिफ्टच्या शेजारी. ६१ कळांत बाणांना स्वतःची जागा नसते, ते दुसऱ्या कळांवर चढवलेले असतात. भाच्याचा कीबोर्ड आठवडाभर वापरला, त्यात वरचा बाण नेमका ‘य’वर! एकदा फंक्शनच्या कळीबरोबर भलतंच काही दाबलं गेलं आणि बाणच चालू राहिले. ‘न्यायालय’ लिहायला जावं, तर ‘न्’ उमटून कर्सर वरच्या ओळीत. पुढचे काने तिथल्या कुठल्या तरी शब्दाला जाऊन चिकटायचे. भाच्याला फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला. प्रुफं दुरुस्त करताना तर बाण शंभरदा लागतात. दर वेळी दोन-दोन कळा कोण धरणार?

शेवटी ६८ कळांचा घेतला. रुंदीला जेमतेम एक कळ जास्त, पण बाण वेगळे आणि डिलीटही. याहून लहान, अंकांची ओळच नसलेले कीबोर्डही मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ज्ञ, त्र, क्ष, श्र शिफ्ट धरून ५ ते ८ या अंकांवरच येतात.

निळे स्विच टकटक वाजतात. मला मशिनची आठवण होऊन बरं वाटलं, रात्री अकरानंतर ह्यांना वाटेना. मग तपकिरी बसवले. कळ लागल्याचं बोटाला कळतं, घरभर कळत नाही. स्विच उपसून बदलता येतात असाच कीबोर्ड घेतला होता म्हणून हे जमलं, नाहीतर सोल्डरिंगसाठी दुकान शोधावं लागलं असतं. रंगीत दिवे पहिल्याच दिवशी बंद केले, बॅटरी तेच खातात. माझ्या जुन्या संगणकाला ब्लूटूथ नाही, त्यामुळे सोबत यूएसबी रिसीव्हर आहे ना, हेही पाहून घेतलं.

आणखी एक. ऑनलाइन खरेदीत ‘मेकॅनिकल फील’ असं लिहिलेलं दिसलं तर आत बहुधा स्विचऐवजी रबराचा पडदाच असतो. माझे पहिले नऊशे रुपये त्यात गेले. विक्रेत्यांनी कळांची संख्या आणि स्विचचा प्रकार नावाशेजारीच छापायला हवा. आणि आपण पुन्हा असा लेख छापाल, तेव्हा आपल्याच अग्रलेखाचा एक परिच्छेद त्या कीबोर्डावर टाइप करून बघा, मग क्रमांक लावा.

– एक टंकलेखिका, सातारा