नाटकात नशा का दाखवतो

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "आधीच लोक तुमच्याबद्दल काहीबाही बोलतात, मग नाटकात नशा कशाला दाखवता?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

नशा आहे, म्हणून दाखवतो. मुंबईत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मिळतं. २०१५ साली ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तरी मिळतं. आमच्या काही समलिंगी मुलांमध्ये ते पार्टीत, शरीरसंबंधांच्या वेळी घेतलं जातं. ज्याला लहानपणापासून स्वतःची लाजच वाटत आली, त्याची भीड तेवढ्या रात्रीपुरती जाते. मग दोन-दोन दिवस झोप नाही, जेवण नाही. कंडोमचं भान राहत नाही, एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या चुकतात. सुई एकमेकांची वापरली तर हेपटायटिस सी. आणि कुणी बेशुद्ध पडलं तर बाकीचे ॲम्ब्युलन्स बोलवायला कचरतात, कारण पोलीस आले तर घरी सगळंच एकदम कळणार. २०१८ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, हा धाक उरला. मला तो एमडीइतकाच घातक वाटतो.

बाबा, आमचं नाटक तुमच्या राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांसारखं नाही. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी ही पद्धत घडवली; बंगालात जनसंस्कृती या नाट्यसंस्थेचे लोक वर्षानुवर्षं गावोगाव ती करत आलेत. प्रसंग एकदा वाईट शेवटापर्यंत करायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी प्रेक्षकातलं कुणीही "थांबा" म्हणून उठतं, पात्राची जागा घेतं आणि वेगळं वागून बघतं.

आमच्यात एक दवाखान्याचा प्रसंग आहे. डॉक्टर विचारतात, "लग्न झालंय?" एवढ्यावर आमचा मुलगा गप्प होतो आणि एचआयव्ही टाळण्यासाठी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या गोळ्या राहून जातात. गेल्या खेळात एक वयस्कर तृतीयपंथी उठल्या, त्याच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, लग्नाचं राहू द्या. परवा रात्री काय झालं ते ऐका." हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. खेळानंतर बाजूच्या खोलीत समुपदेशक असतो. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचारांना गेला, तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ मध्ये त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, हे बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं. त्या दिवशी त्या खोलीबाहेर रांग लागली होती. आई, लोक बोलतील म्हणून आम्ही हे झाकलं, तर ही रांग लागणार नाही.

शेवटचा प्रसंग घरचा. मुलगा पहाटे परततो, वडील दार उघडतात. वडिलांच्या जागी तरुण मुलंच उठतात. फार गोड बोलतात, आणि हे खरं नाही हे सगळ्यांना जाणवतं. बाबा, माझं कळल्यावर तुम्ही गोड बोलला नव्हतात. कित्येक दिवस धड बोललाच नाहीत, पण मी घरी आलोय हे बघितल्याशिवाय रात्री कडी लावली नाहीत. ते वागणं मला त्या हॉलमधल्या मुलांना दाखवायचंय. तुम्ही उठाल का?

आई, तू नुसती बसलीस तरी चालेल. पण चहाच्या वेळी कुणी जवळ आलं तर बोल त्याच्याशी.

पुढचा खेळ गणपतीनंतरच्या रविवारी, परळला. सांगलीहून शुक्रवार रात्रीची तिकिटं काढू का, ते कळवा. बाबांचा गुडघा दुखतो, खालचाच बर्थ बघतो.

तुमचा,
निखिल