पालला जाण्याआधी वरचं आभाळ बघा

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला, जळगाव जिल्ह्यात सातपुड्यात असलेल्या पाल या थंड हवेच्या गावावरचा लेख वाचला. ‘पावसाळ्यात एकदा तरी जाऊन याच’ हे वाक्य मी पुण्याच्या धाकट्या बहिणीला फोनवर वाचून दाखवलं आणि फसले. श्रावणात येते म्हणाली. सकाळी गाडी काढायची, संध्याकाळी परत. तिला मी नाही म्हटलं. का, ते तुमच्या वाचकांनीही ऐकावं.

मी फैजपूरची. खिरोदा सोडलं की केळी मागे पडते आणि घाटात साग सुरू होतो. पाल गावापर्यंत कुणीही जातं. अडचण पुढे आहे, अभयारण्यातल्या पाड्यांच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वी श्रावणातच आम्ही चौघं गेलो. सकाळी नाल्याच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, घोटाभर पाणी, दुपारी परतताना फरशीच नाही! कडेचे पांढरे दगड एकेक करत बुडाले. मधोमध एक ओंडका गरगर फिरत होता. मोबाइलला रेंज नाही. शेजारच्या झोपडीतल्या पावरा आदिवासी आजीने खाटेवर बसवलं, मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला आणि म्हणाली, ‘पहिला दगड पुरा दिसू दे, मग जा.’ तो दिसायला साडेचार तास लागले. एक मोटारसायकलवाला मात्र घाई करत होता. आजीने त्याला असं झापलं की तोही गुपचूप बसला.

घरी आल्यावर कळलं, फैजपूरला दिवसभर कडक ऊन होतं. इथेच लोक फसतात. सातपुड्याचा दक्षिण उतार उभा, नाले आखूड. डोंगरावर सर कोसळली की पाणी बघता बघता खाली येतं. पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गाळाच्या पट्ट्यात, गोटे आणि वाळू, तिथे बरंचसं मुरून जातं. म्हणून खाली नदी कोरडीठाक दिसत असताना वर पूर असू शकतो, यावर सपाटीवरच्या माणसाचा विश्वासच बसत नाही.

तेव्हा बेत मार्गशीर्ष-पौषात आखावा. पेट्रोल सावद्यातच भरावं. एस.टी.ने जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारावी. हे यावल अभयारण्य 1969 पासूनचं, क्षेत्र सुमारे 177 चौ. कि.मी.; आत शिरायचं तर परवानगीचं आधी विचारून ठेवावं. मुक्कामाच्या खोलीसाठी मी एका कार्यालयात तीनदा फोन केला आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली, म्हणून आता स्वतः जाऊन विचारते. धबधब्यापेक्षा माणसं बघायची असतील तर होळीआधीच्या आठवड्यात आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराला जावं. पण नटून आलेल्या पोरींच्या तोंडासमोर कॅमेरे धरू नयेत. लाज आपल्यालाच वाटायला हवी.

दोन विनंत्या. लेखाखाली दोन ओळी ‘कधी जाऊ नये’ याच्याही छापा. आणि ज्यांच्या हाती आहे त्यांनी घाट चढण्याआधी, खिरोद्यालाच, ‘वर फरशीवर पाणी आहे / नाही’ एवढी साधी पाटी लावावी. खडूने लिहिली तरी चालेल.

बहीण आता पौषात येतेय. बामणोदची वांगी तेव्हा जोरात असतात, त्यामुळे तिची फारशी तक्रार नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, फैजपूर (ता. यावल)