चिंगीच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण हे पत्र चारचौघांत लिहायचंच होतं. दवाखान्यात आभार मानले, तरी मन भरलं नव्हतं.

काल संध्याकाळी ढग गडगडत असताना चिंगी जेवली. आवाज झाला तशी दचकली, कान मागे घेतले, क्षणभर थांबली आणि पुन्हा वाटीत तोंड घातलं. मला तिथेच रडू आलं. ज्यांच्या घरात भेदरलेलं मांजर नाही, त्यांना यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. तुम्हाला कळेल.

वरच्या मजल्यावर ड्रिलिंग सुरू झालं, तेव्हापासून ती पलंगाखाली भिंतीला चिकटून बसायची. अंग आक्रसलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्ठ्या झालेल्या. पुढे पुढे नुसती खुर्ची सरकली तरी पळायची आणि जेवण सोडायची. तुमच्याआधी जिथे गेलो तिथे उत्तर मिळालं, "मांजरं भित्रीच असतात, होईल सवय." मानगुटीला धरून तिला टेबलावर दाबलं, ती फिसकारली तर "फार नाटकी आहे" म्हणाले. आणखी एका जाणकारांनी तर फटाक्यांचा आवाज मोठ्याने लावून ठेवायला सांगितलं, म्हणजे भीती मोडेल! तो सल्ला मी तिथेच सोडून आले. पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, हे यांपैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही.

औषधासाठी तर मी ऋणी आहेच, पण मनात घर करून राहिलंय ते तुमचं फरशीवर बसणं. तुम्ही तिला पेटीतून ओढलं नाहीत. वरचं झाकण अलगद काढलंत, अंगावरचा टॉवेल तसाच राहू दिलात आणि तिच्याकडे अर्धी पाठ करून खाली बसलात. तिच्याकडे बघितलंही नाहीत. फोन वाजला, तुम्ही तो बंद करून टाकलात. बाहेर लोक खोळंबले होते, मलाच अवघडल्यासारखं झालं. मी तिला उचलायला वाकले, तर तुम्ही हळूच म्हणालात, "थांबा, तिला ठरवू दे." बऱ्याच वेळाने टॉवेलखालून एक नाक बाहेर आलं आणि तुमच्या बाहीला लागलं. तपासणी त्यानंतर, तिथेच, पेटीच्या खालच्या अर्ध्या भागात.

तिची भीती खरी आहे असं मानणारे तुम्ही पहिले. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60 च्याही पुढचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंदराची बारीकशी चूं टिपायला घडलेले ते कान, आणि त्यावर दिवसभर ड्रिल! तिने लपायचं नाही तर काय करायचं? लपू दे, असंच तुम्ही म्हणालात. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला नुसती खोकी दिली होती, ती इतरांपेक्षा लवकर सावरली, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातलं निरीक्षणही सांगितलंत. आमच्या कपाटातही आता एक खोकं आहे, जुनी चादर घातलेलं. ती आत असली की तिला कुणी हात लावत नाही. गडगडाटाचं रेकॉर्डिंग जेमतेम ऐकू येईल इतकं लावायचं आणि सोबत तिचा आवडता खाऊ द्यायचा, हेही चालू आहे. कान फिरले की आवाज कमी. तुम्ही बजावलं होतंत, घाई करायची नाही.

घाबरली असताना जवळ घेतलं तर भीती वाढते, असं मला कितीतरी जणांनी ऐकवलं होतं. तुम्ही म्हणालात, "ती स्वतःहून आली तर घ्या की जवळ." एवढी परवानगी मिळाल्यावर किती हलकं वाटलं, काय सांगू.

तुमच्याच सांगण्यावरून मी वरच्या मजल्यावरच्यांशी बोलले. मांजरासाठी काम कोण थांबवणार, अशी मनाची तयारी करून गेले होते. पण आता ड्रिल लावायच्या आधी त्यांचा मेसेज येतो, आणि परवा त्यांच्या कारागिरानेच विचारलं, "मांजर खोक्यात गेलं का? मग सुरू करतो." अशी माणसं आपल्या आजूबाजूला असतात. दोन वाईट अनुभव आले की आपण त्यांना शोधणंच सोडून देतो.

सगळं संपलंय असं नाही. जोराचा पाऊस आला की ती अजूनही कपाटात जाते. पण आवाज थांबला की थोड्या वेळाने आपली आपण बाहेर येते, आणि भूक लागलीये म्हणून माझ्यावरच ओरडते.

लसीची तारीख जवळ आलीये. सकाळची, गर्दी नसतानाची वेळ द्याल ना? टॉवेल तोच आणते, तिच्या वासाचा.

तुमची ऋणी,
चिंगीच्या घरची