संचालकाच्या नियुक्तीच्या बातमीत बैठकांची हजेरीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बड्या अधिकाऱ्याची एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर नेमणूक झाली की बातमीत फोटो, पदव्या आणि आजवर भूषवलेल्या पदांची यादी येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त होऊन शेअर बाळगणाऱ्या वाचकाला त्यातून काय कळणार? बाजार समितीच्या निवडणुकीत आपण उमेदवाराची कुंडली मांडतो. कंपनीच्या संचालकाला मात्र न वाचताच मत देतो, किंवा देतच नाही.

आधी पाहायचं ते हे की तो पूर्णवेळ पगारी संचालक आहे की स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला बाहेरचा माणूस. स्वतंत्र संचालकाला बैठकीमागे जास्तीत जास्त १ लाख रुपये सिटिंग फी (हजेरीचं मानधन) मिळते, स्टॉक ऑप्शन (ठरल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) मिळत नाही. मुदत कमाल ५ वर्षांची आणि सलग दोनदाच.

खरी गोम आहे ती मंडळांच्या संख्येत. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार एका व्यक्तीला जास्तीत जास्त ७ सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या मंडळांवर राहता येतं. त्यांपैकी एकीत ती पूर्णवेळ संचालक असेल, तर स्वतंत्र म्हणून फक्त ३. कागदावर ७ ठीक दिसतात. पण पहिल्या तीन तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत लावायचे असल्याने सगळ्या कंपन्यांच्या ऑडिट (हिशेब पाहणाऱ्या) समित्या आणि मंडळाच्या बैठका त्याच दोन-तीन आठवड्यांत येतात. प्रत्येक बैठकीच्या कागदांचा गठ्ठा वेगळा. तो वाचून कोण बसतं आणि कोण नुसती मान डोलावतं, हे बाहेरून कळणं कठीण. निदान हजेरी तरी कळते. वार्षिक अहवालातल्या कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या (कंपनीच्या कारभाराच्या) भागात प्रत्येकापुढे ती छापलेली असते. '७ पैकी ३ बैठका' असं दिसलं की पदव्यांची यादी बाजूला ठेवावी. कायदा याबाबत फारच उदार आहे: सलग १२ महिन्यांत एकाही बैठकीला न आल्यासच पद जातं. म्हणजे वर्षातून एकदा व्हिडिओवर तोंड दाखवलं तरी खुर्ची शाबूत!

राजीनाम्याचंही तसंच. सूचीबद्ध कंपनीच्या स्वतंत्र संचालकाने मुदतीआधी पद सोडलं तर त्याची सविस्तर कारणं ७ दिवसांत शेअर बाजाराला कळवावी लागतात. 'वैयक्तिक कारण' लिहिलंय आणि त्याच सुमारास ऑडिटरही गेलाय, तर सावध व्हावं. गेल्या ३ वर्षांत तो कोणत्या सूचीबद्ध कंपन्यांतून बाहेर पडला, हे भागधारकांच्या सभेच्या नोटिशीला जोडलेल्या माहितीत असतं. बातमीत ते कधीच येत नाही.

आपल्या व्यापार पानावर नेमणुकीच्या बातमीखाली एवढं चौकटीत द्यावं: संचालकाचा प्रकार, एकूण मंडळं, आधीच्या कंपनीतली हजेरी, अलीकडचे राजीनामे. जुलै ते सप्टेंबर या सभांच्या हंगामात तर नक्कीच. सूचीबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला विशेष ठराव मांडावा लागतो, म्हणजे तो मंजूर व्हायला विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत; तेवढी नसली तर एकूण मतांत आणि प्रवर्तक सोडून इतर भागधारकांच्या मतांत, दोन्हीकडे बहुमत लागतं. तेव्हा छोट्या भागधारकांची मतं अगदीच वाया जात नाहीत. सभेआधीचं ई-व्होटिंग (ऑनलाइन मतदान) सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. नोटीस ई-मेलवर २१ दिवस आधी येते, पण बहुतेकदा जाहिरातींच्या कप्प्यात पडते; तिथे शोधावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक