गादीद, बात्सीर आणि आपली खुडणी

मध्य अरवा (दक्षिणेतले वाळवंटी खोरे), इस्राएल
14 ऑक्टोबर 2018

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला एवढा उशीर लावल्याबद्दल रागावू नकोस. मेद्जूल खजुराचा हंगाम ऐन भरात होता आणि पहाटे साडेचारला उठलेला माणूस रात्री पत्र लिहायला बसला, तरी दुसऱ्या ओळीवरच पेंगू लागतो.

मी राहतो ते एक मोशाव आहे, म्हणजे प्रत्येक कुटुंबाची शेती स्वतंत्र, पण खरेदी-विक्रीसारखी कामे सहकाराने चालणारे गाव. माझ्या यजमानांकडे खजुराची बाग आणि ढोबळी मिरचीची जाळीघरे आहेत. मी निम्मा दिवस बागेत राबतो आणि त्या बदल्यात मला राहणे, जेवण आणि घरातल्या माणसांकडून हिब्रूचे धडे मिळतात. मजुरीचे मोठे काम थायलंडहून आलेले कामगार करतात. त्यांच्या हाताचा वेग पाहिला की आपण तासगावात लहानपणापासून द्राक्षे खुडली, हे सांगायला मला संकोच वाटतो.

खजुराची तोड मात्र तुला नीट सांगितली पाहिजे. घड पिकण्याआधीच त्याला जाळीची पिशवी बांधून ठेवलेली असते. यंत्राच्या फलाटावर उभे राहून शेंड्यापर्यंत चढायचे, पिशवी खाली तबकावर मोकळी करायची आणि घड हलक्या हाताने हलवायचा. पिकलेली फळे सुटतात, कच्ची तशीच धरून राहतात, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. पहिल्या दिवशी मी घड जोराने झटकला आणि पिवळी फळेही खाली आली. यजमानांनी काही न बोलता माझे मनगट धरले आणि किती हलवायचे ते हातानेच दाखवले. मग म्हणाले, ‘लाआत’, म्हणजे हळू. तो शब्द मी आयुष्यात विसरणार नाही.

या कामाला ते ‘गादीद’ म्हणतात, आणि गादीद फक्त खजुराचा. द्राक्षांचा ‘बात्सीर’, ऑलिव्हचा ‘मासीक’, संत्र्या-मोसंब्यांचा ‘कातीफ’, धान्याचा ‘कात्सीर’. यजमानीणबाईंनी हे शब्द वहीत एकाखाली एक लिहून दिले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की सगळे एकाच साच्यातून निघाले आहेत. नांगरणीला ‘हारीश’ आणि सुगीला ‘आसीफ’ म्हणतात, तोही तोच साचा. मी शेजारी आपली यादी मांडली: भाताची कापणी, उसाची तोडणी, कापसाची वेचणी, द्राक्षांची खुडणी, भुईमुगाची काढणी, आणि त्यापुढे पेरणी, कोळपणी, छाटणी, मळणी. आपल्या ‘णी’चे काम त्यांच्याकडे तो साचा करतो. ज्यांचे हात पिकात असतात त्यांना ‘तोडणे’ हा एक शब्द पुरत नाही, हे मला इतक्या दूर येऊन, दुसऱ्याच्या वहीत दिसले. ती दोन पाने मी जपून ठेवली आहेत.

लिपी उजवीकडून डावीकडे जाते, अक्षरे बावीस, आणि रोजच्या लिखाणात बहुतेक स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे शब्द आधी ठाऊक असल्याशिवाय वाचता येत नाही. पण मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘बात्सीर’मधला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’ आणि ‘चूल’मधला च. शिवाय आपण जसे ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ म्हणतो, तसेच हिब्रूतही वर्तमानकाळात बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते. मी बहुतेक वाक्ये यजमानीणबाईंच्या तोंडून शिकलो, म्हणून कित्येक दिवस ‘अनी रोत्सा मायिम’ असे बाईच्या रूपात म्हणत पाणी मागत होतो. शेवटी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने मला थांबवून ‘रोत्से’ असे सांगितले. तोच आता माझा कडक गुरुजी आहे.

ही भाषा शेकडो वर्षे प्रार्थनेत आणि ग्रंथांत नांदली, पण घरात ती कोणी बोलत नव्हते. ती पुन्हा बोलती करण्यासाठी झटणारे एलिएझर बेन-येहुदा 1881 साली जेरुसलेमला आले आणि त्यांनी आपल्या मुलाशी फक्त हिब्रूतच बोलायचे व्रत घेतले, हे तू वाचले असशील. मला त्याहून जवळची वाटते ती रिशोन लेत्सिओन या शेतकरी वसाहतीची गोष्ट, कारण हिब्रूतून शिकवणारी शाळा 1886 साली तिथे उघडली. शेतीतल्या नव्या वस्तूंनाही हिब्रू शब्द आहेत: ठिबक सिंचनाच्या तोटीला इथे ‘ताफ्तेफेत’ म्हणतात. आपल्या ‘टपटप’सारखाच तो थेंबाच्या आवाजावरून झालेला शब्द आहे. 1965 साली हात्सेरीम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक मालकीच्या वस्तीत, ठिबकचा उद्योग सुरू झाला, आणि आपल्या बागेतली नळी आठवून मला तो शब्द पाठ करावाच लागला नाही.

सुक्कोत या ज्यूंच्या मांडवांच्या सणात अंगणात मांडव घातला आणि त्यावर आमच्याच बागेतल्या झावळ्या टाकल्या. त्याच आठवड्यात बसने दिमोना या गावी गेलो. तिथल्या एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजींनी दार उघडताच ‘ये रे बाबा, जेवलास का?’ असे विचारले, आणि मला क्षणभर बोलता येईना. त्यांचे बालपण अलिबागजवळ गेले, आडनाव गावावरून पडलेले ‘कर’चेच. कोकणात त्यांच्या समाजाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवार हा विश्रांतीचा वार म्हणून त्यांचा तेलाचा घाणा त्या दिवशी बंद असे, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी नेलेल्या खजुरांतले चांगले वेचून त्यांनी मलिद्यासाठी, म्हणजे प्रेषित एलियाहू हानावींच्या नावाने करायच्या गोड पोह्यांसाठी, बाजूला काढून ठेवले. त्यांना ‘गादीद’ ठाऊक होते, पण खुडणी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

आता एक काम तुझ्याकडे. यजमानीणबाईंनी विचारले की चिंच झाडावरून उतरवण्याला मराठीत कोणता शब्द आहे, आणि मला ‘झोडपणे’ यापलीकडे काही सुचले नाही. तुझ्या आजोळी चिंचेची मोठी झाडे आहेत. मामांना विचारून त्यांच्या तोंडचा शब्द मला कळव. वहीत त्याची जागा मी रिकामी ठेवली आहे.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
बालमित्र