ठिपका तीन मीटर चुकला तर?

मा. संपादक,

ड्रोन आता भूसुरुंग शोधणार आणि जवानाला त्या जमिनीवर पाऊलही टाकावं लागणार नाही, ही कालची बातमी वाचून बरं वाटलं. चहा संपेपर्यंत ती दुसऱ्यांदा वाचली आणि बरं वाटणं संपलं. ड्रोन किती उंच जातो, किती वजन उचलतो, सगळं दिलंय. तो उडवणार कोण, स्क्रीनपुढे बसणार कोण आणि स्क्रीनवरचा ठिपका जमिनीवर नेमका कुठे, याची एक ओळ नाही.

मी इंजिनिअर पलटणीतला. ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी, म्हणजे डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर फौजा सीमेवर नेल्या तेव्हा, राजस्थानात आम्ही माइन्स लावल्या आणि फौजा मागे फिरल्यावर आम्हीच त्या उचलायला बसलो. लावताना रात्र, थंडी आणि वरून घाई. उचलताना हातात रेकॉर्ड: अमुक खुणेपासून इतकी पावलं, इतक्या ओळी, ओळीत इतक्या. वाळूला रेकॉर्ड वाचता येत नाही, ही अडचण. चार बोटं खाली पुरलेली कुठे हातभर खोल गेलेली, कुठे उघडी पडून उन्हात चकाकणारी. एका ओळीत एक कमी भरली. गुडघ्यावर बसायचं, प्रॉडर, म्हणजे माइन चाचपायची सळई, तिरका धरून हलकेच खुपसायचा, दोन बोटं पुढे सरकायचं, पुन्हा खुपसायचा. एम-१४ म्हणजे मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, शंभरेक ग्रॅमची. धातू नावालाच, त्यामुळे डिटेक्टर ओरडेलच याचा भरवसा नाही. दोन दिवस त्या एकीसाठी गेले. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या लेनमधल्या पोराला सापडली, पायाखाली. घोट्याखाली काही राहिलं नाही. साफ झालेल्या लेनची हद्द दाखवणारी पांढरी टेप रात्रीच्या वाऱ्याने दोन हात सरकली होती, एवढंच झालं होतं. लढाई न होता त्या मोहिमेत ७९८ जवान गेले, असं पुढे संसदेत सांगितलं गेलं. हा पोरगा त्या आकड्यात नाही, तो जगला.

म्हणून विचारतो, दोन हातांच्या चुकीने पाय जातो, तर तीन मीटरच्या चुकीने काय होईल? साधं जीपीएस तेवढं सहज चुकतं. सेंटीमीटरपर्यंत अचूकता हवी तर जमिनीवर वेगळं बेस स्टेशन मांडावं लागतं आणि ते मांडणारा माणूसही चालतच जातो.

माझ्या पुतण्याने उसावर फवारणीसाठी ड्रोन घेतलाय. रीतसर ट्रेनिंग, लायसन्स, सगळं आहे. परवा उडवताना सिग्नल तुटला. सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप ‘घरी’ येतो, असं तो चार दिवस गावभर सांगत होता. आला ना! पण यंत्राच्या लेखी घर म्हणजे जिथून उडवला ती जागा. मधल्या वेळात ड्रोनचा टेम्पो त्या बांधावरून हलवला होता आणि त्या जागी शेजाऱ्याची म्हैस बांधलेली. म्हैस दावं तोडून पळाली, ड्रोनचे दोन पंखे गेले आणि भाऊबंदकी अजून चालू आहे. हे आमच्या रानात. सीमेवर तर समोरचा मुद्दाम सिग्नल जॅम करणार. तेव्हा तुमचा ड्रोन कुठल्या घरी जाईल?

ड्रोन नकोच, असं मी म्हणत नाही. थर्मल कॅमेऱ्याला प्लॅस्टिक आणि माती यांच्या तापण्या-निवण्यातला फरक दिसतो, हे खरं. पण तो दिसतो पहाटे किंवा सूर्य कलताना, तोही माइन वरवर पुरलेली असेल आणि गवत माजलेलं नसेल तर. मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडाचा चुंबकीय माग काढणारं यंत्र, लावला तर त्याला लोखंड हवं आणि ड्रोन जमिनीला जवळजवळ चिकटून, एकाच उंचीवर उडायला हवा. वाळूच्या टेकाडांवर तसा उडवून दाखवा. आणि एवढं करून ठिपका मिळाला, तरी शेवटी गुडघ्यावर बसायचंच आहे. ‘पाऊलही टाकावं लागणार नाही’ म्हणे!

जाता जाता, त्याच बातमीच्या चौकटीत तुम्ही गडचिरोलीतलं जांभुळखेडा घातलंय. १ मे २०१९ ला आपले पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक तिथे गेले, ते रस्त्यात पेरलेल्या आयईडीने, म्हणजे हाताने बनवलेल्या बॉम्बने. आपण दोन्हींना भूसुरुंगच म्हणतो, म्हणून ती एक वस्तू होत नाही. कारखान्यात बनलेली माइन कोणाच्याही पायाची वाट बघत वर्षानुवर्षं पडून राहते. आयईडीच्या बाबतीत तिकडे बहुतेक वेळा वायरच्या दुसऱ्या टोकाला माणूस दबा धरून असतो. तिथे ड्रोनने माणूस शोधायचा, वायर शोधायची, उकरलेला रस्ता शोधायचा. ते काम वेगळं, ते बघणारी नजरही वेगळी.

आणि फोटो! त्यातल्या ड्रोनच्या पोटाला टाकी आहे आणि खाली नोझल लोंबतायत. तो फवारणीचा ड्रोन आहे हो. पुतण्याने लांबूनच ओळखला.

माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलं होतं. या वेळी कापायचंच असेल तर म्हशीचं कापा, टेपचं ठेवा.

– एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव (जि. सातारा)