यंदा उन्हाळा एन्जॉय नाही केला तरी चालेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पानभर यादी दिली होती, सुट्टीत काय काय करायचं त्याची. समर कॅम्प, पूल पार्टी, मँगो पार्टी, वन डे ट्रिप, आणि वर मोठ्या अक्षरात, यंदाच्या उन्हाळ्याचा एकही दिवस वाया जाऊ देऊ नका. मी ते ओट्याशी उभं राहून वाचलं, सकाळचे साडेनऊ वाजलेले, नळाचं पाणी तेव्हाच गरम यायला लागलेलं, आणि वाचता वाचता छातीवर ओझं आल्यासारखं झालं. दरवर्षी एप्रिल लागला की होतं तसंच. म्हणून लिहितेय. पेपरला पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर कापून छापा.

मी अकोल्यात राहते, लग्न होऊन आले त्याला २२ वर्षं झाली. माहेर नाशिकचं. तिथे तेव्हा मे महिन्यात दुपार कितीही तापली तरी रात्री गच्चीवर झोपलं की पहाटे पांघरूण ओढावं लागायचं, त्यामुळे उन्हाळा म्हणजे मजा हे डोक्यात पक्कं बसलेलं, आंबे, पत्ते, मामाकडे जाणं वगैरे. अकोल्यातल्या पहिल्याच मे मध्ये कळलं की इथे रात्री अकरालाही भिंतीला हात लागला की चटका बसतो, गादी गरम, उशी गरम, आंघोळीचं पाणी आधी बादलीत काढून तासभर ठेवायचं मग अंगावर घ्यायचं. आणि तुम्ही बातमीत ४५ छापता ना, तो सावलीतला आकडा असतो. वेधशाळेचं थर्मामीटर पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवलेलं असतं, त्याला ऊन लागूच देत नाहीत. मग डांबरी रस्त्यावर, स्लॅबवर, बाहेर उभ्या गाडीच्या सीटवर किती असेल ते ज्याचं त्यालाच माहीत.

तरी वीसेक वर्षं मी सगळं केलं, कारण सगळेच करतात. नणंद मुलांना घेऊन पुण्याहून येणार, तिचं माहेरपण नीट झालं पाहिजे, मुलांना असं वाटायला नको की मामाकडे गेलो आणि नुसते घरात बसलो. म्हणून एक ट्रिप, एक वॉटर पार्क, एक दिवस शेगाव, एक दिवस चिखलदरा, रोज आमरस, आणि कुरडया घरच्याच. कुरडयांचं ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि पहाटे चारला उठून मोठ्या पातेल्यात शिजवायचा, हात थांबवायचा नाही नाहीतर गुठळ्या होतात, गॅसची सगळी धग तोंडावर. मग गरम असतानाच साच्यात भरून स्लॅबवर कागदावर पाडायच्या, तेही सातच्या आत, कारण आठला तिथे अनवाणी पाय टेकवत नाही. त्यातला वाटीभर गरम चीक तूप घालून खायला मला आजही आवडतो, ते नाकारत नाही. पण त्या एका वाटीसाठी पुढचे दोन दिवस डोकं धरून झोपायचे आणि कोणाला सांगायचे नाही, कारण उन्हाळ्याची वाळवणं म्हणजे घरातला आनंदाचा कार्यक्रम, तिथे तोंड पाडून कसं चालेल.

२०२४ च्या मे अखेरीस अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि २५ ते ३१ मे पर्यंत जिल्ह्यात कलम १४४ लावलं, कशासाठी तर उन्हासाठी. खाजगी कोचिंग क्लासेस सकाळी १० पर्यंत आणि संध्याकाळी ५ नंतरच घ्यायचे, कामगारांना सावली आणि पिण्याचं पाणी द्यायचं, असा आदेश होता. आणि त्याच आठवड्यात आमचं वॉटर पार्कचं बुकिंग होतं. पैसे भरलेले, मुलं महिनाभर फोनवर विचारत होती, पाहुणे घरात आलेले. मीच म्हटलं जाऊन येऊ, पाण्यातच तर असणारेत.

भाची तेव्हा नऊ वर्षांची. अकराला पाण्यात उतरली, हसत होती, मी फोटो काढत होते. दीडच्या सुमारास बाहेर आली, मी टॉवेल पुढे केला तर तिला तो धरता येईना, हातातून खाली पडला. ओठ पांढरे, पायात गोळे, आणि मग उलटी झाली. तरी म्हणत होती मी ठीक आहे मामी, अजून एक राईड राहिलीय. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले पाण्यात असलं तरी डोक्यावर ऊन असतंच, खेळताना घामही जातो, फक्त ओल्या अंगाला तो कळत नाही आणि तहानेकडे पोरांचं लक्ष राहत नाही, अजून थोडा वेळ तशीच राहिली असती तर उष्माघातावर गेलं असतं. संध्याकाळी सलाईन संपत आलं तेव्हा तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं की डोकं तर बारा वाजल्यापासूनच दुखत होतं, पण सगळे एवढ्या लांबून आलेलो ना, सगळ्यांची मजा गेली असती, म्हणून नाही सांगितलं.

नऊ वर्षांचं लेकरू. मी त्या रात्री झोपले नाही.

कारण ती हे शिकली कुठून तर आमच्याकडूनच. मला बीपीची गोळी सुरू आहे, तिच्यात लघवीवाटे पाणी बाहेर टाकणारं औषध आहे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की उन्हाळ्यात तुमच्या अंगातलं पाणी लवकर कमी होईल, चक्कर वाटली की लगेच येऊन दाखवा, डोस बघावा लागेल. आणि मी काय करायचे, चक्कर आली की पाहुण्यांना दिसू नये म्हणून ओट्याला टेकून उभी राहायचे आणि आमरसाचं पातेलं ढवळत राहायचे. अशा कितीतरी गोळ्या लोकांना सुरू असतात, बीपीच्या, डिप्रेशनच्या, ज्यांनी ऊन सहन करायची ताकद कमी होते. काही जणांना तर उन्हाळ्यातच मन खचतं, झोप लागत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही. थंडीत होतं तसं उन्हाळ्यात पण होतं हे डॉक्टर लोकांनी १९८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. अशा माणसाला आपण म्हणतो अरे सुट्टी आहे, आंबे आहेत, चेहरा असा काय केलास.

माझी धाकटी बहीण लंडनजवळ राहते. तिथे डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो, त्यामुळे उन्हाळ्यात ऊन पडलं की लोक अक्षरशः धावत बागेत जाऊन पडतात, आणि त्यांचं ते बरोबरच आहे, त्यांच्या वाट्याला ऊन येतंच किती. पण ती सांगते की शनिवार रविवारी ऊन पडलं आणि आपण घरात बसलो तर सोमवारी ऑफिसात सांगायची चोरी होते, एवढं छान ऊन होतं आणि तू घरात बसलीस? १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३ झालं, तिथला आजवरचा सगळ्यात जास्त आकडा. घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, हिच्याकडे साधा पंखा नव्हता, हिने पडदे ओढले आणि बादलीत पाय सोडून बसली. आणि म्हणाली ताई, त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी विचारलं नाही की बाहेर का नाही गेलीस.

तर हे उन्हाचं कौतुक जिथे उन्हाची वाट बघावी लागते तिथलं आहे. रील्समधून ते जसंच्या तसं आपल्याकडे आलं, गॉगल, हॅट, ज्यूसचा ग्लास, आणि आता आपण ४५ मध्ये तसंच हसून दाखवतोय. आपल्या आजी आजोबांना उन्हाळ्यात असं काही दाखवायचं नसायचं. वऱ्हाडात धाब्याची घरं होती, जाड मातीच्या भिंती, छतावर पांढऱ्या मातीचा थर, दुपारी माजघरात दिवसा अंधार केलेला, ज्यांना परवडायचं त्यांच्या दाराला वाळ्याची ताटी आणि तिच्यावर दर थोड्या वेळाने पाणी मारायचं. आजचा कूलर म्हणजे तेच, फक्त मागे पंखा लावला. शाळा सकाळच्या असायच्या, आजही असतात, आणि विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे सरकारलासुद्धा मान्य आहे की इथला उन्हाळा वेगळा आहे. दुपारी बाहेर पडू नये, कमी बोलावं, कमी खावं, झोपावं, याला कोणी आळस म्हणत नव्हतं.

आणि हे फक्त विदर्भाचं नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला पुरस्कार सोहळ्याला लाखो लोक मोठ्या श्रद्धेने आलेले, भर दुपारपर्यंत उघड्या मैदानात बसले, १४ माणसं गेली. तिथे काही ४५ नव्हतं. कोकणात दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून हवामान खातं किनारपट्टीला ३७ पासूनच उष्णतेची लाट धरायला सुरुवात करतं, आमच्याकडे ४० पासून. ती बातमी आठवली की मला नेहमी वाटतं, आपल्याला मधेच उठून जायला कोणी शिकवलंच नाही. मला त्रास होतोय, मी निघते, एवढं बोलायला आपल्याला किती जड जातं. लग्नाच्या मांडवात, देवळाच्या रांगेत, ट्रिपमध्ये, सगळीकडे तेच.

मागच्या वर्षी मी बोलले. नणंदेला मार्चमध्येच फोन केला की मे मध्ये नका येऊ, दिवाळीनंतर या, हुरड्याला या, तेव्हा शेतात नेते, पाहिजे तितके दिवस राहा. तिला वाईट वाटलं. महिनाभर बोलली नाही, आणि मला तो महिना फार कठीण गेला. मग जानेवारीत आली, आम्ही ज्वारीचा हुरडा भाजला, मुलं दिवसभर बांधावर पळत होती. कुरडया बचत गटातल्या बायकांकडून घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, काहून, यंदा हात मोडले का, आणि आठ दिवस माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. अजूनही त्या कुरडई तळली की म्हणतात मीठ जास्त आहे. असू दे. त्यांचं वय ७४ आहे, त्या पण पहाटे चारला त्या धगीत उभ्या राहिल्या नाहीत, मला तेवढं पुरे.

आता आमचा दिवस असा असतो. पाचला उठून जे काय बाहेरचं असेल ते आठच्या आत. मग पडदे ओले करून सोडायचे, कूलरमध्ये पाणी भरायचं, दुपारी एक भाजी, पोळी, ताक. पन्हं केलं तर केलं. एक ते चार झोप. मुलगा मोबाईल बघतो, बघू दे, मी त्याला म्हणत नाही की सुट्टीचं काहीतरी कर. काही दिवस तर मला काहीच आवडत नाही, आंबा सुद्धा, आणि ते मी मोकळेपणाने सांगते. सांगितलं की हलकं वाटतं. इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, सगळ्यांना मजा येते आणि मलाच नाही.

आणि ज्यांना घरात बसायची सोयच नाही त्यांचं काय, हे पण तुमच्या पानात कुठेच नव्हतं. आमच्या समोर बिल्डिंगचं काम सुरू आहे, दुपारी दोनला बायका डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढतात, त्यातली एक माझ्याकडे रोज बाटली भरायला येते. तिच्यासाठी पुरवणीत काहीतरी असावं ना. कुठल्या चौकात पाणपोई आहे, कुठल्या दवाखान्यात उष्माघात कक्ष उघडलाय, ओआरएस फुकट कुठे मिळतं. आमच्या भागातली बाग सकाळी नऊला कुलूप लावून बंद करतात ती संध्याकाळी उघडतात, म्हणजे जेव्हा सावली पाहिजे नेमकं तेव्हाच फाटक बंद, तिथे एवढी मोठमोठी कडुनिंबाची झाडं आहेत. तुमचा वार्ताहर पाठवा, फोटो छापा, कदाचित कुलूप निघेल. अहमदाबादने २०१० च्या मे मधल्या उष्णतेत खूप माणसं गमावली आणि मग २०१३ मध्ये शहरासाठी हीट ॲक्शन प्लॅन केला, कोणी कुठे काय करायचं ते ठरवून. आपल्या गावाने काय ठरवलंय ते लोकांना घरपोच कळवायचं काम पेपरच करू शकतो.

आणि यादी छापायचीच असेल तर तिच्यात एक ओळ घाला, की काहीच करावंसं वाटत नसेल तर करू नका. माझ्यासारख्या पुष्कळ बायका ती वाचून निवांत पडतील.

परवा भाचीचा फोन आला होता. आता ती मोठी झालीय, सहावीत जाईल. म्हणाली मामी, या मे मध्ये आपल्याला कुठेच जायचं नाहीये ना? मी म्हटलं नाही गं, कुठेच नाही. काहीच नाही करायचं? काहीच नाही. मग म्हणाली, मग मी येऊ का?

रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. कूलरच्या ताट्या कालच बदलल्या.

आपली,
एक वाचक, अकोला